प्रश्न क्रमांक अकरा

सकाळी साडेसहाला पेठ नाक्यावर
मी पॅड घेऊन उभी. एकोणतीस प्रश्न.
पेनाला दोरी बांधलीय, काल दोन हरवले.
पिकअपच्या हौद्यात चढणाऱ्या बायका
मला आधी रेशनवाली समजतात, मग बचतगटवाली,
मग कुणीच नाही.

द्राक्षाच्या डिपिंगचे दिवस.
मुकादम म्हणतो, आवरा मॅडम,
मखमलाबादला मालक घड्याळ बघत बसलाय,
एका नगाला किती वेळ लावता.
नग म्हणजे बाई.
मी समासात लिहून घेते.
समासात आता जागा फार उरलेली नाही.

सोमी भोये.
वय? 'तुला बरं दिसंल ते लिही.'
गाव सुरगाण्याच्या पलीकडं,
एसटी जिथून वळून परत येते तिथून अजून चालत.
स्थलांतराचे कारण? मी वाचते.
ती थांबते. शेजारणीला विचारते, काय म्हणती ही?
मग मलाच सांगते, जरा मोठ्यानं,
बहिऱ्या माणसाला सांगावं तसं :
आम्ही जगायला येतो.
भात निघाला की जगायला, होळीला परत.
मी 'रोजगार'भोवती गोल करते.
होळीला परत जाऊन मग काय करता
हे विचारायला प्रश्नावलीत जागा नाही.

अकरा. घरी बोलली जाणारी भाषा.
एक मराठी, दोन हिंदी, तीन अन्य.
'घरी कोकणी. नाक्यावर हे असं.
मालकिणीपाशी नुसतं हो, हो.
पोसा आश्रमशाळेत कोकणी बोलला
तर गुरुजी म्हणले, नीट बोल.
आता नीट बोलतो.
माझ्याशी जास्त बोलत नाही.'

तीनचा गोल नीट जुळला नाही,
दोरी अडकली.

'आणि तुझी गं कोणती?'

पिकअपनं हॉर्न दिला.

*

रात्री सिडकोत, पवननगरच्या खोलीत,
कानात इयरफोन घालून मी सकाळ उतरवून काढते.
सरांनी सांगितलंय, खोकलासुद्धा लिहायचा,
थांबणं सेकंदात मोजायचं,
आणि आपण मध्ये यायचं नाही.

इथेच, याच गल्लीच्या नळावर
आईनं 'आहे' शिकून घेतलं.
बाबा साक्रीहून अंबडच्या कारखान्यात लागले त्या साली
ती रांगेत म्हणाली होती, हंडा मना शे,
आणि पुढची बाई हसली.
एवढंच. भांडण नाही, काही नाही.
तेव्हापासून 'आहे' वापरते नव्या चपलेसारखं,
चावलं तरी काढत नाही.
'शे' ठेवलाय मामाच्या फोनपुरता,
स्वयंपाकघराचं दार लोटून.
आम्हा भावंडांना त्यातलं कळतं सगळं,
बोलता येत नाही,
असं मी आजवर सांगत आले.
माझ्या स्वतःच्या फॉर्मवर एकला गोल आहे.

मागे नेते. पुन्हा ऐकते.
'आणि तुझी गं कोणती?'
चार सेकंद. हॉर्न.
मग एक आवाज, जाड, घाईतला :
मनी बी... मनी येगळीच शे, माय.
आणि सोमी हसते, टाळी वाजते,
हौद्याचं फळकूट धाडकन लागतं.

मला हे बोलल्याचं आठवत नाही.
मी प्रतिलेखनात लिहिते : अस्पष्ट.
खोडते.
लिहिते : संशोधक, दोन बिंदू.
पुढं काही सुचत नाही, म्हणून इयरफोन उपसून
मोठ्यानं लावते, पुन्हा एकदा.

आतून पोळपाटावरचा लाटण्याचा आवाज थांबतो.
आई दारात. हात पिठाचे.
माझ्याकडे बघत नाही, मोबाईलकडं बघते,
गावाहून कुणी आलंय का अशा नजरेनं.

कोन बोली ऱ्हायनी वं?